भातवडीचा चिखल पुसू नका

सैनिकाची छोटी फिगर रंगवताना ती मळवू नये, असं मानणारे लोक नगरमध्ये पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. भिंगारमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त रिसालदारसाहेबांनी ते माझ्यापुढे सर्वांत स्पष्ट मांडलं, म्हणून त्यांच्याच मुद्द्यांना धरून उत्तर देतो. ते म्हणतात, फौजेत पोरगा भरती झाला की त्याला बंदुकीच्याही आधी टर्नआउट शिकवतात. बूट, बिल्ला, बेरेट, पट्ट्याचं पितळ, सगळं जागच्या जागी आणि लख्ख. मळका जवान म्हणजे शिस्त सुटलेला जवान. आणि तुम्ही बोटाएवढा जवान हौसेने रंगवता, मग त्याच्यावर मुद्दाम चिखल, तेल आणि काजळी फासता. हा त्याचा मान आहे की विटंबना?

मी म्हणतो, मान आहे. आणि ज्याला हा मान वाटत नाही, त्याने आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: समोरची फिगर कुठल्या दिवशीची, कुठल्या जागेवरची आहे?

रिसालदारसाहेबांची एक बाजू मला पूर्ण मान्य आहे. 26 जानेवारीच्या संचलनातला स्वार रंगवायचा असेल तर त्याच्या बुटावर धुळीचा कण दिसता कामा नये. तिथे मळ दाखवणारा कारागीर खोटं बोलतो. पण त्याच न्यायाने, लढाईच्या तिसऱ्या प्रहरी उभा असलेला माणूस इस्त्रीच्या कपड्यांत दाखवणाराही खोटंच बोलतो. एकाचं खोटं आपल्याला खटकतं आणि दुसऱ्याचं खटकत नाही, कारण ते देखणं असतं. माझा झगडा या देखण्या खोटेपणाशी आहे.

नगर जिल्ह्यात राहून हा झगडा टाळता येत नाही, कारण आपल्या जिल्ह्यातली एक मोठी लढाई चिखलानेच जिंकलेली आहे. 1624 साली भातवडीला, नगर शहरापासून थोड्याच अंतरावर, मुघल आणि आदिलशाही यांची एकत्र फौज निजामशाहीवर चालून आली होती. मलिक अंबरने भातवडीच्या तळ्याचा बांध फोडला. पाणी शत्रूच्या बाजूच्या रानात पसरलं, वाटा रुतल्या, तोफा आणि बैल अडकले, रसद तुटली आणि संख्येने मोठी फौज जागच्या जागी जखडली गेली. निजामशाहीच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी लढत होते. शरीफजी तिथेच पडले. शहाजीराजांचं नाव दख्खनभर झालं ते इथून. या लढाईतला शिपाई पांढऱ्याशुभ्र अंगरख्यात आणि कोरड्या जोड्यांत रंगवायचा, तर मग मलिक अंबरने बांध कशासाठी फोडला? चिखल पुसून टाकला की भातवडीची लढाईच पुसली जाते. उरतो तो कुठल्याही काळातला, कुठल्याही गावचा, तलवार उगारलेला एक माणूस.

निजामशाही शिपायाचा तयार संच मला आजवर बाजारात मिळालेला नाही. तारेच्या सांगाड्यावर एम-सील चढवून तो घडवावा लागतो. 54 मिलिमीटर उंचीची फिगर धरली तर ती खऱ्या माणसाच्या साधारण बत्तिसाव्या हिश्शाची होते. हे प्रमाण एकदा डोक्यात बसलं की पुढचा बराच वाद आपोआप मिटतो. गुडघाभर, म्हणजे पन्नास सेंटीमीटर चिखल, फिगरवर सोळा मिलिमीटरच्या आसपास येतो. त्याच्या वर चिखलाचा थर नसतो, फक्त शिंतोडे असतात. वाळूचा अर्धा मिलिमीटरचा कण या शिपायाच्या पायाशी दीड सेंटीमीटरचा खडा होऊन बसतो. म्हणून ‘खरी भातवडीची माती आणून लावली’ असं अभिमानाने सांगणाऱ्याला मी एवढंच सांगतो, की माती खरी आहे पण तिचं माप खोटं आहे. ती वस्त्रगाळ करून, अक्रिलिकच्या मॅट माध्यमात कालवूनच लावायला हवी.

आता कपडा. सुती अंगरखा रंगवताना नळीतला पांढरा रंग सरळ लावू नये. राखाडीकडे झुकलेला हस्तिदंती रंग पायाला घ्यावा, चुण्यांच्या खोलगट भागात थंड राखी-तपकिरी उतरवावा आणि खांद्यावर, जिथे उजेड थेट पडतो तिथेच, जवळजवळ पांढऱ्यापर्यंत जावं. इतकी लहान वस्तू खऱ्या वस्तूपेक्षा अंधारलेली दिसते, म्हणून एकूण रंग थोडा उजळ ठेवावा लागतो. शिवाय अक्रिलिक रंग वाळल्यावर ओल्यापेक्षा किंचित गडद होतो, कारण ओला असताना दुधाळ असलेलं त्यातलं माध्यम वाळल्यावर पारदर्शक होतं. नवशिक्या माणसाचा रंग दुसऱ्या दिवशी ‘बसलेला’ वाटतो, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

चिखलाचं वागणं मात्र कपड्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे आणि मळवण्याची सगळी विद्या इथेच लागते. सुती कापड पाणी वर ओढतं. म्हणजे चिखलाच्या रेषेच्या वर आणखी चार-पाच मिलिमीटर कापड ओलं, गडद, पण चिखलाविना असतं. त्या ओलीची वरची कड सरळ नसते; ती वेडीवाकडी असते आणि पाण्याबरोबर चढलेला बारीक गाळ जिथे थांबतो तिथे एक बारीक तपकिरी रेघ उमटते. ही ओल दाखवायला पाण्यासारखे पातळ रंगाचे तीन-चार हात एकावर एक द्यावे लागतात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. अक्रिलिकचा खरा गुण इथे उपयोगी पडतो. त्यातलं रंगद्रव्य पाण्यात विखुरलेल्या रेझिनच्या सूक्ष्म थेंबांसोबत असतं. पाणी उडालं की हे थेंब एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनतो आणि तो पुन्हा पाण्याने सुटत नाही. म्हणून वरचा हात खालच्याला धक्का लावत नाही. ओला असेपर्यंत तो कापसाच्या बोळ्याने पुसता येतो, वाळला की कायमचा.

गाळाच्या रंगासाठी बर्न्ट अंबर, थोडा काळा, किंचित यलो ऑकर. बेसॉल्टच्या दगडाची झीज होऊन बनलेली आपली माती ओली असताना जवळजवळ काळी दिसते आणि वाळताना राखट होत जाते. त्यामुळे एकाच पायावर दोन रंग हवेत: खाली, पायाच्या घोट्याजवळ, ओला, गडद, ग्लॉस व्हार्निशचा हलका हात दिलेला; वर, गुडघ्याकडे, वाळू लागलेला, फिकट, मॅट. शिंतोडे चालणाऱ्या माणसाच्या पोटरीच्या मागच्या बाजूला जास्त उडतात, पुढे कमी. जुन्या दातांच्या ब्रशने ते उडवताना चेहरा आणि छाती कागदाने झाकावी. आणि एक गुडघा दुसऱ्यापेक्षा जास्त मळलेला, सोबत डाव्या हाताचा तळवाही, असं दाखवलं तर हा माणूस एकदा घसरून पडला, डाव्या हाताने सावरला, तलवार मात्र उजव्या हातातून सुटू दिली नाही, हे बघणाऱ्याला कुणी न सांगता कळतं. रिसालदारसाहेब, यात विटंबना कुठे आहे? त्या शिपायाचं नाव इतिहासात कुठेही नाही. त्याने काय सोसलं हे सांगायला आपल्याजवळ त्याचा मळलेला गुडघाच आहे.

यावर एक शहाणा आक्षेप येतो: त्या काळची चित्रं पाहा, त्यात कुणी मळलेलं दिसत नाही. बरोबर आहे. मुघल चित्रकार हाशिमने काढलेलं मलिक अंबरचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात तो साध्या, स्वच्छ पांढऱ्या जाम्यात उभा आहे. पण ते एका थोर पुरुषाचं व्यक्तिचित्र आहे, त्याला रणातली ओल दाखवायचीच नव्हती. अंगरख्याचा काट, कमरबंदाची बांधणी, पागोट्याची ठेवण यांसाठी मी त्या चित्रांपुढे नतमस्तक आहे. पण चिखलाबद्दल ती चित्रं गप्प आहेत, आणि त्यांच्या गप्प राहण्यातून चिखल नव्हता असा पुरावा काढता येत नाही.

हीच चूक नगरमध्ये रणगाड्यांच्या बाबतीत होते. फराहबागेजवळचं कॅव्हलरी टँक म्युझियम फेब्रुवारी 1994 मध्ये सुरू झालं. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, 1965 आणि 1971 च्या युद्धांच्या आठवणी सांगणारे पॅटन, हे सगळं एका आवारात पाहायला मिळणं ही रणगाड्यांचं मॉडेल करणाऱ्यासाठी केवढी मोठी सोय आहे! चाकांचं अंतर, वेल्डिंगची शिवण, झाकणांची बिजागरं, सगळं हाताच्या अंतरावर. मात्र तिथला रंग पाहून कुणी म्हणत असेल की ‘पाहा, रणगाडा असा एकरंगी, ताजा असतो’, तर त्याने त्या रंगाचं काम ओळखलेलं नाही. उघड्यावर ऊन-पाऊस खात उभ्या असलेल्या लोखंडाला गंजापासून वाचवणं हे त्या रंगाचं काम आहे आणि ते तो चोख करतो. युद्धाच्या दिवशी ती गाडी कशी दिसत होती, हे सांगणं त्याच्याकडे सोपवलेलंच नाही.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, ज्यावर रिसालदारसाहेबांचा आवाज चढला होता. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांची फिगर कुणी मळवलेली त्यांना सहन होत नाही. त्यांची भावना मला समजते. 1817 साली पुण्यात उभ्या राहिलेल्या पूना हॉर्स रेजिमेंटचा हा एकवीस वर्षांचा अधिकारी 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत पडला. रणगाड्याला आग लागली होती, बाहेर पडण्याचा हुकूम मिळाला होता, पण तोफ अजून चालते आहे म्हणून त्यांनी तो रणगाडा सोडला नाही. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्यांचा सेंच्युरियन रणगाडा, ‘फॅमागुस्ता’, आपल्याच नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. अशा माणसाला हात लावताना ब्रश थरथरायलाच हवा.

म्हणूनच मी विचारतो: त्यांचं शौर्य कुठे घडलं? बसंतर नदीच्या पलीकडे, सुरुंगांच्या पट्ट्यातून गेल्यावर, डिसेंबरच्या धुक्यात आणि धुरात, जळत्या गाडीत. त्या जागेवरून उचलून त्यांना कोऱ्या कपड्यांत चकचकीत रणगाड्यावर उभं केलं, तर आपण त्यांच्याकडून त्यांचा तो दिवस काढून घेतो. तिथला मळ त्यांनी हुकूम न मानल्याची साक्ष आहे. माझी स्वतःची मर्यादा मी स्पष्ट सांगतो: रक्त मी दाखवत नाही. लाल चकचकीत रंगाने ओघळ काढणं सोपं असतं आणि ते बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावरून खेचून घेतं. हुतात्म्याच्या जखमेचं कौतुक करण्यात मला रुची नाही. धूळ, काजळी, घाम, तेल यांनी मात्र तो माणूस काम करताना दिसतो.

आणि हे काम कुणाचं कसं होतं हे रिसालदारसाहेबांहून जास्त कुणाला ठाऊक? रणगाड्यातल्या माणसांचा मळ एकसारखा नसतो. कमांडर झाकणातून छातीपर्यंत बाहेर असतो, म्हणून रस्त्याची धूळ त्याच्या खांद्यांवर, भुवयांत आणि मिशांत बसते. गॉगल कपाळावर चढवला की डोळ्यांभोवती स्वच्छ गोल उरतात. कमरेखाली तो जवळजवळ धुळीविना असतो, पण कोपरे आणि गुडघे आतल्या लोखंडाला घासून तेलकट होतात. लोडर आत असतो. त्याच्यावर रस्त्याची धूळ कमी आणि दारूच्या धुराची काजळी जास्त; हात ग्रीसने काळे. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून चालवत असेल तर त्याचा फक्त चेहरा धुळीचा मुखवटा होतो. तिघांना एकाच पातळ तपकिरी वॉशमध्ये बुचकळून काढणाऱ्याला रणगाडा कळलेला नाही. आणि तिघांनाही कोरं सोडणाऱ्यालाही तो कळलेला नाही.

धुळीचा रंगही जागेप्रमाणे बदलतो. खारे-कर्जुन्याच्या माळावर सराव करणाऱ्या गाडीवर मुरमाची पिवळसर-तांबूस धूळ बसेल. शकरगढच्या गाळाच्या सपाट प्रदेशात ती फिकट, राखट-तपकिरी असेल. राजस्थानात आणखी फिकी. बसंतरच्या फिगरला नगरची काळी माती लावणारा कारागीर, कितीही तयारीचा असो, जवानाला भलत्याच ठिकाणी लढायला पाठवतो.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे, कारण रिसालदारसाहेबांचा राग मुख्यतः त्यांच्यामुळे आहे. अलीकडे मळवणं हा एक शर्यतीचा प्रकार झाला आहे. गंज, खपल्या, ओघळ, जितके जास्त तितकं मॉडेल ‘रिअल’! चिलखताच्या जाड पत्र्यावर जागोजागी भगवा गंज. पण रंग दिलेला, रोज हाताळला जाणारा रणगाडा वर्षानुवर्षं शेतात सोडलेल्या नांगरासारखा गंजत नाही. गंज पट्ट्यांवर एका रात्रीत चढतो आणि सकाळी चालवलं की जमिनीला घासणाऱ्या भागांवरून निघूनही जातो, तिथे पोलाद चमकतं. ज्या फौजेत दिवस संपल्यावर लास्ट परेड होते, गाडी तपासली जाते, तेल-पाणी पाहिलं जातं, त्या फौजेची गाडी मोडकळीला आलेली दाखवणं ही खरी विटंबना आहे, आणि या बाबतीत मी पूर्णपणे रिसालदारसाहेबांच्या बाजूला आहे. मळलेला जवान आणि हेळसांड झालेला जवान यांत फरक आहे. काडतुसांच्या पट्ट्यावर धूळ असू शकते. बंदुकीच्या खटक्यावर गंज असू शकत नाही, कारण ती बंदूक त्या माणसाचा जीव आहे.

विरुद्ध टोकाला, मळवणं म्हणजे चिखलच असंही नाही. 8 ऑगस्ट 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने नगरची पेठ शिड्या लावून घेतली आणि 12 तारखेला भुईकोट किल्ला पडला. त्या फौजेतले गोरे शिपाई बहुतेक चित्रांत भडक लाल कोटात दिसतात. पण साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांच्या रंगाने रंगवलेला असे, अधिकाऱ्याचा किरमिजी किड्याच्या महागड्या रंगाने. मार्चमध्ये म्हैसूरच्या बाजूने निघून दख्खनचा सगळा उन्हाळा अंगावर घेत आलेला शिपाई ऑगस्टमध्ये नगरच्या तटापुढे उभा राहिला, तेव्हा त्याचा कोट खांद्यांवर विटकरी झालेला असणार, काखेत आणि पट्ट्याखाली मात्र मूळ लाल. यात घाणीचा एक ठिपकाही नाही. नुसतं ऊन रंगवलं आहे.

‘मग दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे?’ हा प्रश्न घरातली मंडळी विचारतात. ते तर पिढ्यानपिढ्या लाल-हिरवे-पिवळे, कोरे करकरीत असतात. असावेतच. ते मावळे अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर, पणतीच्या उजेडात, चार हातांवरून पाहायचे असतात. त्यांचा रंग भडक नसेल तर ते मातीत हरवतील. शिवाय ते कुठल्या एका लढाईचे नसतात, सणाचे असतात. त्यांना मळवायला मी कधीच सांगणार नाही. पण मुलगा मोठा होऊन पावनखिंडीचा मावळा करायला बसला, तर त्याला मी विचारीन, की आषाढातल्या रात्री पन्हाळ्याहून निघून पावसात रात्रभर चाललेल्या माणसाच्या पायांत चिखल कसा नाही?

तैलरंगवाल्यांचं उत्तर थोडक्यात देतो. ते म्हणतात अक्रिलिकमध्ये मळ मुरत नाही, तो वर बसल्यासारखा दिसतो. चेहऱ्याच्या मऊ छटांसाठी तैलरंग सरस आहे, हे मान्य. पण मळ हा थरांनी चढतो: आधी ऊन, मग घाम, मग धूळ, मग ओल. थर लावायला लवकर वाळणारा रंग हवा, आणि तो अक्रिलिक आहे. एप्रिलमध्ये नगरच्या उन्हाळ्यात तो पॅलेटवरच वाळून जातो, ही अडचण खरी. ओल्या स्पंजावर बटर पेपर पसरून त्यावर रंग ठेवला की तीही सुटते. कॅमलच्या नळ्या किंवा कापडावर वापरायचे फेव्हिक्रिलचे रंग जरा दाट असतात, पण पाणी आणि मॅट माध्यम घालून त्यांतूनही चांगलं काम होतं. महागड्या परदेशी बाटल्या नाहीत म्हणून थांबलेल्या पोरांनी हे ऐकावं. बाटलीवर ‘युरोपीय चिखल’ लिहिलेलं असलं म्हणून तो भातवडीचा होत नाही. आपला चिखल आपणच कालवावा लागतो.

एक गोष्ट मी स्वतःसाठी नियम म्हणून पाळतो: चेहरा शेवटपर्यंत वाचता आला पाहिजे. मळ डोळ्यांशी स्पर्धा करू लागला की हात थांबवायचा. घामाने धुळीत पडलेला एखादा ओघळ ठीक, पण बघणाऱ्याला आधी माणूस भेटला पाहिजे, मग त्याचा दिवस.

तेव्हा रिसालदारसाहेब, माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी फिगर हातात घेताना ‘हे धुऊन टाका’ असं म्हणू नका. ‘लोडरच्या खांद्यावर एवढी धूळ कशी?’ असं विचारा. ‘हेडसेटखालची जागा स्वच्छ का नाही दाखवली?’, ‘डाव्या कोपरावर तेल आहे, पण सेंच्युरियनमध्ये तोफेची मागची बाजू लोडरच्या उजव्या हाताला असते’, असं सांगा. तुम्ही गाडीत वर्षं काढलीत. कुठला डाग कुठे पडतो हे तुमच्या अंगाला ठाऊक आहे आणि ते कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही. ती माहिती द्या. मी तो हात खरवडून काढीन आणि पुन्हा रंगवीन.